पिवळा शेला

माझं लग्न साठ सालच्या आसपासचं. नेरच्या कापडदुकानात होणाऱ्या सासूबाईंनी माझ्यासाठी जाडजूड लाल शेला काढला. त्यांच्या घरी नवरी छातीपर्यंत तोंड झाकूनच मांडवात यायची. मी मात्र पातळ पिवळ्या शेल्यावर हात ठेवला.

"याच्यातून तोंड दिसते ना पोरी," त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. थोड्याच दिवसांपूर्वी याच बाई मला पाहायला आल्या होत्या. त्यांनी मला चालून दाखवायला लावलं होतं, केस सोडायला लावले होते, दातसुद्धा पाहिले होते.

"तवा माहे दात बी पाह्यले, आता तोंड झाकाले काहून लावता?" मी विचारलं. शेजारी बसलेल्या माझ्या आईनं मला चिमटा काढला. तरी मी पिवळाच उचलला, आणि लग्नात तो कपाळाच्या खाली येऊ दिला नाही.

मग सूनमुख पाहायची वेळ आली. सासूबाई आरसा घेऊन शेजारी बसल्या. रीतीप्रमाणे माझा शेला वर करायला त्यांनी हात पुढे केला, पण वर करायला काही नव्हतंच. आरशात आमची नजर भेटली. खाली वळली ती माझी नव्हती.