गंगीचे डिंकाचे लाडू

आमच्या गंगी गाईला डिंकाचे लाडू मीच खाऊ घातले. चांगल्या हेतूनं!

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. चिकलठाण्यात नवेनवे कारखाने उभे राहत होते, आळीतली सगळी पोरं कामाला लागली होती आणि मी घरी बसून होतो. घर आईच्या गंगीवर चालायचं. त्यातच शकूताई बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच आठवड्यात गंगीही व्याली. ताईला तुपातले लाडू नकोसे झालेले. ती हळूच माझ्या हातात द्यायची. मी म्हटलं, गंगीही बाळंतीणच की! (मग डोकं आणखी चाललं. पोटात तेल-तूप गेलं की दुधावर साय जाड येणार! म्हणून तिच्या भिजवलेल्या सरकीच्या आंबोणात तांब्या तांब्या गोडंतेल ओतलं.)

साय जाड व्हायची सोडून पातळ झाली. मग गंगीनं रवंथ करायचंच सोडलं आणि मान टाकून उभी राहिली. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही गेली तर खायचं काय रं आपण?"

शहरात बंद होता. गुरांचे डॉक्टर सायकल हाणत आले आणि गंगीच्या डाव्या कुशीला कान लावून बसले.

"काय घातलं हिला?"

"लाडू," मी म्हणालो.

"आणिक?"

"गोडंतेल. थोडंसं."

"थोडंसं? मेल्या, डबा खडखडीत झालाय माझा!" आई कडाडली.

"अहो, गाय एकटी चारा पचवत नाय," डॉक्टर म्हणाले. "हिच्या पोटात डोळ्याला न दिसणारे कोट्यवधी जीव आहेत. ते कडबा पचवतात, तवा हिला मिळतं. सरकीतलं तेल हळूहळू सुटतं, तेवढं त्यांना झेपतं. तुम्ही तर त्यांना बुडवूनच टाकलं!"

मी थक्क! आमची एवढीशी गंगी, आणि पोटात केवढं गाव! मी तिच्या कुशीला चक्क हात जोडले.

"आता नवे जीव आणा. धडधाकट गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून हिला चारा."

शेजारच्या सत्तारचाचांची गाय निवांत रवंथ करत होती.

"चाचा, तुमच्या गाईच्या तोंडातला घास पाहिजे."

"क्या रे, धूप लगी क्या तेरे कू?"

पण गंगीचं नाव काढताच चाचांनी स्वतः जबडा धरला आणि मी आत हात घातला. (चावली नाही. कोपरापर्यंत चाटली मात्र!) तो हिरवा, लिबलिबीत घास घेऊन मी पळत सुटलो आणि गंगीच्या घशात ढकलला. वर नुसता कोरडा कडबा.

दिवस मावळायच्या आत गंगीचा जबडा हलला! आई रडायलाच लागली. मीही.

मग आईनं डोळे पुसले, गंगीच्या कुशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

"डोळ्याला न दिसणारे जीव बी कामाला लागले बघ. आता आळीत तू एकलाच राह्यला!"