उघड्या दाराची नोकरी

देवाशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, जवळजवळ. एक जागा थोडी रंगवलीय, ती शेवटी कबूल करतो. दारं उघडणाऱ्या माणसाकडे किस्से पायपुसण्यावरच्या मातीसारखे साचतात. अधूनमधून झटकावे लागतात.

*

बायको आयटीत. तिच्या व्हिसावर मी पुण्याहून नेदरलँड्समधल्या डीमनला आलो आणि पन्नाशीत एका कम्युनिटी कॉलेजात केअरटेकर झालो. तिथे बेकरीपासून नर्सिंगपर्यंत काहीही शिका. कुणी मार्क विचारत नाही, वय तर नाहीच. "आमचं दार सगळ्यांना उघडं," हेड मारायकेबाई म्हणाल्या. मग मला किल्ल्यांचा एवढा जुडगा कशाला दिला, कोण जाणे!

पहिल्याच दिवशी बाईंनी शिडी कुठे आहे विचारलं. गडबडीत मी बोट दाखवून मराठीतच म्हणालो, "दार." डचमध्ये 'दार' म्हणजे 'तिकडे'. आणि शिडी खरंच दारामागे होती. "तुझं डच छान आहे," बाई खूश. मी आजतागायत खुलासा केलेला नाही.

*

मग कोरोना आला. 'हे दार सर्वांसाठी उघडं आहे' अशी पाटी असलेल्या दाराला मीच कुलूप घातलं. बाईंना विचारलं, पाटी काढू का? त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं.

"पुसून घे," म्हणाल्या. "धूळ बसलीय."

*

कॉलेज पुन्हा उघडलं ते ऐन थंडीत. नियम असा, की हवा खेळती राहायला दारं-खिडक्या सताड उघड्या. वर्गात सगळे जॅकेट घालून, बेकरीवाल्यांचं पीठ फुगेना. बाई मास्कआडून कुडकुडत म्हणाल्या, "तत्त्व पाळायला स्वेटर लागतो, हे कुणी सांगितलं नव्हतं."

*

आता वृषालीचं. आमच्याच बिल्डिंगमधली. सांगलीत आठ वर्षं नर्स, इथे तीन वर्षं घरात, कारण तिचे कागद इथे चालत नाहीत. आमच्या नर्सिंगच्या कोर्सला एकच जागा उरली होती, मुलाखतीचा शेवटचा दिवस, आणि तिचं डच जेमतेम. त्यात तिला घाबरली की खोकला येतो. खोकला दिसला की माणसाला दारातूनच परत पाठवायचं, हे माझं काम.

सकाळची निगेटिव्ह टेस्ट तिने पुढे धरली. "काका, हा कोरोना नाही. ही भीती आहे."

"तपासणीच्या फॉर्मवर भीतीचा रकाना नाही गं," मी म्हणालो.

बाई चार पावलांवर उभ्या. वृषालीचा चेहरा लाल झाला, घशात खोकला चढताना मला दिसला. माझ्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला. फरशीवर केवढा आवाज झाला! बाई दचकल्या, तेवढ्यात वृषाली खोकून मोकळी. मी फॉर्मवर 'खोकला नाही' अशी खूण केली.

मुलाखत दाराजवळच्या टेबलावर. मी चौकट धरून उभा. दोन प्रश्न तिने कसेबसे निभावले. तिसरा आला: कुठे काम करायला आवडेल? वृषाली गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं. ती गप्पच. बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

एवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि ते जड दार माझ्या बोटांवर यायला निघालं. नर्सच ती, तिला आधी बोटं दिसली.

"काका, दार!" ती बोट दाखवत ओरडली.

मी हात ओढला. दार धाडकन आपटलं आणि पुन्हा उघडलं. बाईंनी तिच्या बोटाच्या दिशेने वळून बाहेर पाहिलं. समोर वृद्धाश्रम. खिडकीतून एक आजी हात हलवत होत्या. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलं, 'तिकडे.' खाली सही केली.

*

तर, रंगवलेली जागा. कॉलेजसमोर वृद्धाश्रम नाही. सायकल स्टँड आहे. त्या दिवशी तिथे एक सायकल होती, तीही पंक्चर.

बाकी सगळं खरं. 'तिकडे' आणि खालची सहीसुद्धा.