दिया पंचावन्नची होईल तेव्हा

दुबईतल्या शाळेत शोभनाताईंनी सव्वीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं. आता घर घ्यायचं होतं ते चोवीस वर्षांच्या स्वमग्न लेकीसाठी, दियासाठी. जागा बदलली की दिया आठवडाभर बोलत नाही.

पहिला फ्लॅट लीजहोल्ड निघाला, म्हणजे ठरावीक मुदतीपुरताच आपला.

“अजून एकतीस वर्षं आहेत मॅडम, भरपूर झाली!” एजंट म्हणाला.

“मला भरपूर झाली. पण तेव्हा दिया पंचावन्नची असेल. मुदत संपली, घर सोड, हे तिला कोण सांगणार? तुम्ही?”

त्यानं दुसऱ्या फ्लॅटचे कागद काढले.

दुबईच्याच इंटरनॅशनल सिटी भागातला हा फ्लॅट फ्रीहोल्ड, म्हणजे कायमच्या मालकीचा होता. मालकीच्या कागदावर शोभनाताईंनी शेवटची तारीख दोनदा शोधली. ती नव्हतीच.

“माय विंडो?” नव्या घराच्या खिडकीशी उभं राहून दियानं विचारलं.

“तुझीच. कायमची.”

मग शोभनाताई रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ टेकून निवांत बसल्या.