आबांनी आणलेलं सायन्स

आमचं बी.एस्सी. बुडवलं ते आबांनी, संस्थेच्या अध्यक्षांनी. दोष द्यायला नशीब, विद्यापीठ वगैरे नावं नंतर निघाली. आमच्या कॉलेजचे किस्से उसाच्या फडातल्या पाचटासारखे आहेत. वरचा एक उचलला की खाली ढीग.

*

कॉलेज सुरू झालं सोसायटीच्या खताच्या गोदामात. आबा प्रत्येक भाषणात सांगतात, "युरियाच्या पोत्यावर बसून पोरं शिकली." एकदा एका पाहुण्यानं विचारलं, ती पोरं आता कुठं असतात?

"पुण्यात," आबा म्हणाले. "हितं राहून काय करतील?"

*

मग कॉलेज वाढलं. आधी कॉमर्सचा बोर्ड लागला, मग कॉम्प्युटरचा, मग सायन्सचा. बोर्ड आधी, वर्ग नंतर, मास्तर मिळाला तर.

बारामतीत माझी अ‍ॅडमिशन झाली होती. आबा घरी आले. वडील ढोबळी मिरचीचे क्रेट भरत होते.

"अण्णा, पोरगं बारामतीला कशाला धाडताय? सायन्स दारात आणलंय."

"विद्यापीठाची परवानगी आलीय का?" मी विचारलं.

"येतीय की. तू बसायला तर लाग."

वडिलांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत वळून म्हणाले, "आबांना च्या टाका." मोठा माणूस दारात आला होता. विषय संपला.

*

लॅबचं भूमिपूजन तीनदा झालं, कारण पाहुणे तीन होते आणि कुणाला नाराज करायचं नव्हतं. तिसऱ्यानं कुदळ मारली, तर आधीच्या नारळाची करवंटी वर आली.

पाहुण्यानं हात जोडले. "आबा, जागा जागृत हाय."

टाळ्या वाजवायला आम्हीच होतो. तास सोडून आणलं होतं.

*

वर्ष संपलं. परवानगी नाही, म्हणून परीक्षा नाही. आम्ही आबांकडं गेलो.

"घाबरताय काय? पुढच्या साली दोन्ही वर्षांची एकदम देऊ. तुमी हुशार हायसा."

*

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाची कमिटी आली. तिनं लॅब बघून होकार दिला की परवानगी, एवढंच राहिलं होतं. आणि लॅब खरंच तयार होती. केमिस्ट्रीच्या मॅडमनी आणि आम्ही आठवडाभर बाटल्या धुतल्या, लेबलं लावली, बर्नर पेटवून बघितले. सकाळपासून अ‍ॅप्रन घालून आम्ही टेबलांशी उभे.

खाली हॉलमध्ये सत्कार चालू होता. फेटे बांधणारा एकच होता, आणि पाहुण्यांच्या आधी सगळ्या संचालकांनी आपले बांधून घेतले. मग एकेक संचालक बोलायला उठला. मॅडमनी मला खाली पिटाळलं.

मी आबांच्या कानाशी गेलो. "आबा, लॅब बघायची राहिलीय."

"लॅब कुठं पळून जातीय? पाहुण्यांना उपाशी धाडू व्हय?"

मग मटणाच्या पंगती बसल्या. आबा स्वतः वाढत होते. हात धुतल्यावर कमिटीच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढं इंदापूरला आणखी एक कॉलेज बघायचं होतं.

"साहेब, लॅब वरच्या मजल्यावर आहे. दोन मिनिटं," मी म्हणालो.

आबांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. "पाहुण्यांना जिनं चढाय लावतो का? जेवल्यात ती."

गाडी गेली. आबा हात जोडून फाटकात उभे होते. फेटा तसाच.

परवानगी नाकारली. कारण दिलं, प्रयोगशाळा दाखवली नाही.

दोन वर्षं कॉलेजात बसून मी आजही बारावी पास आहे.