न काढलेल्या बांगड्या

माझी जीभ तिखट होती, हे आधीच कबूल करते. लोणावळ्याच्या लहानशा दवाखान्यात मी नर्स होते आणि मला सगळे टरकून असायचे. कुणी चिखलाच्या पायांनी आत आलं, कुणी बाळंतिणीच्या पलंगावर टेकलं, की मी तिथल्या तिथे खरडपट्टी काढायची. हात धुवायचे म्हणजे साबण लावून कोपरापर्यंत, मग जंतू मारणाऱ्या कार्बोलिकच्या पाण्यात बुडवायचे, हे भेटेल त्याला ऐकवायची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची वर्षं ती. एकदा जंतूंचं विष अंगात भिनलं की ते उतरवणारं औषध आमच्याकडे नव्हतं. होतं ते साबण, उकळतं पाणी आणि धाक.

आणि माझ्या स्वतःच्या हातात काय होतं? हिरव्या बांगड्या! मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कामावर मनगट मोकळं पाहिजे." पण सासूबाईंनी नोकरी करू दिली तीच मुळी या अटीवर, की सवाष्णीचे हात भुंडे दिसायचे नाहीत. त्यांचा मुलगा रेल्वेत, घाटातल्या कामावर. त्यांच्या जिवाला घोर असायचा, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही. म्हणून मी एक शहाणपणा काढला. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि वरून बँडेजची पट्टी घट्ट गुंडाळायची. मेट्रनबाई दोनचारदा रागावल्या, मग त्यांनी नाद सोडला.

एका सकाळी कामशेतजवळच्या गावातून एक पहिलटकरीण आली. दोन दिवस अडलेली पोर, तोंडातून शब्द फुटत नव्हता. सोबत सासू. शेतकरी घरातली म्हातारी, सुनेचा हात काही केल्या सोडेना. "बाई, हिला आई न्हाई. मीच आई हाय हिची," म्हणाली. मी तिला बाहेर बसवलं.

तासाभरापूर्वीच मी रेल्वेच्या एका गँगमनच्या पायाची जखम धुतली होती. पू धरलेली, वास मारणारी. त्यानंतर हात धुतले, चांगले घासून धुतले. पट्टी मात्र तशीच ठेवली.

बाळंतपण करताना ती पट्टी भिजून सुटली आणि बांगड्या खळकन मनगटावर आल्या. मी त्या दुसऱ्या हाताने वर ढकलल्या आणि तोच हात पुढे केला. वेळ नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. वेळ होता. मूल यायला अवकाश होता, बांगड्या काढून हात धुऊन मी सहज परत आले असते. मला फक्त त्या काढायच्या नव्हत्या.

मुलगी झाली. रडण्याचा आवाज ऐकून म्हातारी धावत आत आली ती थेट सुनेच्या पोटावर हात ठेवून, "सुटलीस गं माझी बाय" म्हणत. बाहेर चूल मांडली होती तिने, हात राखेने माखलेले. मी कडाडले, "मावशी, कितीदा सांगायचं? असल्या हातांनी मारून टाकाल तिला!"

तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला हुडहुडी भरली. मग ताप, मग बडबड. पोट फुगलं. डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं. मी दिवसरात्र तिच्या उशाशी होते, काय उपयोग? सातव्या दिवशी ती गेली.

म्हातारी रडली नाही. आपल्या पंजांकडे बघत म्हणाली, "मीच मारली. बाई वरडत व्हत्या, मी ऐकलं न्हाई."

मी तिथेच उभी होते, चादर हातात घेऊन. एक वाक्य बोलायचं होतं. मेली माझी तिखट जीभ, नेमकी तेव्हाच टाळूला चिकटली. नोकरी जाईल, लोक तोंडात शेण घालतील, एवढंच डोक्यात होतं. त्या संध्याकाळी मी बांगड्या उतरवून ठेवल्या. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याला काहीही झालं नाही.

चारपाच वर्षांनी देवी टोचायला आम्ही कामशेतला गेलो. आयाबाया पोरं कडेवर घेऊन ओळीत उभ्या होत्या. एका बाईच्या कडेवर चारपाच वर्षांची एक मुलगी होती, आणि चार हात लांब ती म्हातारी. मी ओळखलं. टोचल्यावर मुलगी रडली, आजीकडे हात पसरले. म्हातारी मागे सरली. ती बाई म्हातारीची शेजारीण; म्हणाली, "ती कंदी घेतच न्हाई तिला. आंघोळ, जेवण, समदं आमीच."

मी म्हातारीला बाजूला नेलं. "मावशी, तिला घ्या हो. तुमच्या हाताने काही झालं नव्हतं. चूक माझी होती." आणि पट्टी, बांगड्या, ती जखम, सगळं सांगून टाकलं. रडू येत होतं, तरी सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवायला गेली, आणि मध्येच थांबून तो पदराखाली घेतला.

"तुमी लय चांगल्या हायसा बाई," म्हणाली. "माझं दुःख हलकं व्हावं म्हणून सोताच्या अंगावर घेता."