तार ढिली होती, साहेब

"घाई असंल तर पायी जा." आमचा लाईनमन खांबावरून खाली न बघताच हे म्हणायचा. खाली सरपंच उभा असो की साहेब. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, तोंडाने कडू आणि हाताने चोख.

मी जवळा बाजारच्या पलीकडच्या एका गावात पोस्टाचा हंगामी शिपाई होतो. चौथी शिकलो, तीही रडत. आम्ही तेव्हा परभणी जिल्ह्यात. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली आणि पोस्टात पहिला फोन आला. त्याला आकडे नव्हते. बाजूचा दांडा फिरवला की औंढ्याच्या एक्स्चेंजात आपल्या नंबरची झडप खाली पडायची. झडप पडली तरच तिथल्या ऑपरेटरला कळणार, कोणी बोलावतंय. आमची झडप पडेना. फोन नवा कोरा, आणि दांडा फिरवून माझा खांदा उतरला.

पोस्ट-तार खात्याचे साहेब जीपने आले. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत लागला नाही तर हा फोन दुसऱ्या गावाला जाईल." मागच्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण साप चावून, डॉक्टरला निरोप पोचायच्या आत गेला होता. फोन जाऊ द्यायचा नव्हता.

मी लाईनमनला म्हणालो, "मशीनच खराब असंल. उघड की."

"काहून? चोर घरात असला तरी शोध शिवेपासून घ्यावा."

सायकल घेऊन तो शिवेवर गेला. मी मागे. खांबावर चढायचा, आपला लहान फोन तारेला अडकवायचा आणि औंढ्याला विचारायचा, "ऐकू येऊन राहिलं का?" तिकडून हो आलं की उतरायचा, पुढचा खांब. ऊन टाळूवर. माझ्या बायकोने ताकाचा तांब्या आणला.

"भाऊ, जरा टेका."

"टेकलो तर झोपंन, वहिनी. तांब्या दोरीला बांधा."

खांबावरच बसून ताक प्याला.

शेवटचा खांब पोस्टाच्या दारातला. तिथूनही औंढ्याने हो म्हटलं. "म्हंजी तार चोख. आता घर," म्हणत त्याने फोनची पेटी उघडली. मी वाकून बघत होतो. दांड्याच्या मुळाशी दोन पितळी पट्ट्या होत्या. दांडा फिरला की त्या एकमेकींना टेकायला पाहिजेत. मधे तांदळाचा दाणा अडकला होता, कुंकवाने लाल.

माझी नजर दाराकडे गेली. फोन आला त्या दिवशी बायकोने त्याला ओवाळून अक्षता टाकल्या होत्या. नवी वस्तू आली की टाकतात तशा. मीच म्हणालो होतो, कर. दाणा दांड्याच्या भोकातून आत गेला. आता माझी नोकरी जाणार. ती गेली तर गेली, पण साहेब चारचौघांत बायकोला बोलणार. ती दारातच उभी होती.

लाईनमनने दाणा चिमट्याने काढला, माझ्याकडे पाहिलं, तोंडात टाकला आणि चावला. मग दांडा फिरवला.

"पडली, पडली," औंढ्याचा आवाज आला.

जीपपाशी थांबलेले साहेब आत आले. विचारलं, "काय होतं?"

"तार ढिली होती, साहेब. माझ्याच हातानं राहिली."

साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. तो मान खाली घालून स्क्रू आवळत राहिला.

बाहेर मी त्याचा हात धरला. "काहून केलं असं?"

"वहिनीनं चांगल्या मनानं टाकल्या. सांगू नको तिला. कळलं तर पुन्हा कशालाच ओवाळायची न्हाई."

मी सांगितलं नाही. गावाने त्याचं नाव ढिल्या पाडलं. तार तुटली की बायकोही म्हणायची, "आला तुमचा ढिल्या. ताक देते, पण नीट बांध म्हणावं." तो हसून ताक प्यायचा. पुढे त्याची बदली वारंगा फाट्याकडे झाली. आता आहे की नाही, कोणी धड सांगत नाही.

बायको गेल्या पौषात गेली. शेवटी शेवटी जुन्या माणसांची आठवण काढायची. एका दुपारी म्हणाली, "तो ढिल्या. माणूस चांगला होता, हात कच्चा होता."

मी तिचे पाय चेपत होतो. म्हणालो, "अगं, ऐक." तिला डोळा लागला होता. उठल्यावर सांगू म्हणून मी पाय चेपत राहिलो.