जायफळाच्या झाडावरचं तोरण

इंडोनेशियातल्या एका बेटावर मी तोरण चोरलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समुद्राचं वर्णन वाचताना तुम्ही मला कोणी भली बाई समजणार नाही. तेव्हा मी तरुण होते. साठी नुकतीच उलटली होती, गुडघे अजून मूळचेच होते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

माझी धाकटी लेक मेधा माशांचा अभ्यास करते. त्यासाठी ती मालुकू बेटांतल्या एका खेड्यात वर्षभर राहत होती. "आई, ये की थोडे दिवस," असं ती फोनवर म्हणाली आणि मी धारवाडातल्या सप्तापूरच्या घराला कुलूप घालून निघाले. हुबळीहून बेंगळूरू, तिथून जकार्ता, मग अंबोन, आणि शेवटी एक लाकडी होडी. होडीत माझ्या शेजारी कोंबड्यांची टोपली आणि कुणाच्या तरी लग्नाची गादी. लाटेबरोबर गादी माझ्या अंगावर यायची आणि कोंबड्या मला दोष दिल्यासारख्या ओरडायच्या. पिशवीतल्या धारवाडी पेढ्यांना खारं पाणी लागलं. तरी मी ते टाकले नाहीत. वाटायला आणले होते, वाटलेच.

गाव म्हणजे किनाऱ्यालगत एकच लांब रस्ता. एका टोकाला धक्का, मध्ये पांढरं चर्च, दुसऱ्या टोकाला आमचं घर, आणि मागे डोंगरभर जायफळाची झाडं. घर मामा लिनाचं. (तिकडे मामा म्हणजे आई. वयस्क बाईला सगळे मामाच म्हणतात.) ती माझ्याच वयाची, विधवा, हसली की एक सोन्याचा दात दिसायचा. मी शाकाहारी म्हणून तिने पहिल्याच दिवशी पपईच्या फुलांची भाजी आणि पापेडा (सागोच्या पिठाची खळ) वाढलं. पापेडा दोन काड्यांवर गुंडाळून ताटात घ्यायचं आणि न चावता गिळायचं. मी चावलं. ते दातांना असं चिकटलं की मला 'छान आहे' म्हणता येईना. मामा लिना पोट धरून हसली.

आता माझी एक सवय सांगायला हवी. धारवाडात मी पहाटे पिशवी आणि आकडीची काठी घेऊन फिरायला जाते. फिरणं नावाला. कुंपणाबाहेर आलेली जास्वंद, तगर, अनंत, जे हाताला लागेल ते पिशवीत. देवासाठी घेतलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, असं आमच्या गल्लीतल्या सगळ्याच चोरांचं मत आहे.

मेधाला हे ठाऊक. ती पहिल्याच सकाळी म्हणाली, "आई, इथं झाडाला हात लावायचा नाही. फूल नाही, पान नाही, खाली पडलेलं फळसुद्धा नाही. प्रत्येक झाडाला मालक आहे."

"आणि धारवाडातली झाडं बेवारशी आहेत होय गं?"

"म्हणूनच तर सांगायलेय!"

एके दिवशी मामा लिनाने तिच्या नवऱ्याने लावलेली झाडं दाखवायला आम्हाला डोंगरावर नेलं. त्या गावात जमीन सगळ्या घराण्याची, पण झाड ज्याने लावलं त्याचं. मामाचा दीर म्हणत होता, भाऊ गेला, मुलगा नाही, तेव्हा झाडं माझी. एवढं मी ऐकलं. मग एक फळ उकललेलं दिसलं. आत काळं बी आणि त्यावर लालभडक जायपत्रीची जाळी, गौरीच्या साडीची किनार जशी. मामा पुढे बरंच काही बोलली, मेधा मराठीत सांगत राहिली, आणि मी नुसतं 'हं, हं' करत राहिले. पायवाटेच्या तोंडाशी दोन खांबांवर आणि पहिल्या झाडावर नारळाच्या कोवळ्या पात्यांची वेणी बांधलेली होती. किती देखणी, एवढंच माझ्या मनात आलं.

दोन दिवसांनी पाडवा. मेधा पहाटेच कोळ्यांबरोबर गेली होती, मामा लिना ओढ्यावर. मी पिशवी घेतली, डोंगर चढले, ती पात्यांची वेणी सोडून आणली, हळदकुंकू लावलं आणि मामाच्या दाराला तोरण म्हणून बांधली. मागे सरून बघितलंसुद्धा, मध्यावर आलंय की नाही.

थोड्या वेळाने मामाचा दीर दाराशी आला. तोरणाकडे बोट दाखवून मोठमोठ्याने बोलू लागला. शेजारीपाजारी जमले. कौतुक चाललंय असं समजून मी त्याच्या हातावर साखर ठेवली.

मेधा परतली आणि दारावरची पाती बघून म्हणाली, "आई, ती सासी होती." सासी म्हणजे तोडणीबंदीची खूण. झाडं कोणाची हे ठरेपर्यंत ती गावाने बांधली होती. जो ती सोडेल त्याने गावाचा निवाडा झुगारला असं धरतात, आणि त्याला त्या झाडांवर पुन्हा हक्क सांगता येत नाही. आणि ती खूण आता मामा लिनाच्याच दाराला, कुंकू लावून.

आम्ही राजाकडे गेलो. गावच्या प्रमुखाला तिथे राजाच म्हणतात. हे महाराज अर्ध्या चड्डीत जाळं विणत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "ज्याने सासी काढली त्याने ती गळ्यात घालून घरापासून धक्क्यापर्यंत चालायचं. जो चालेल, चूक त्याची. पाहुणीवर आम्ही जबरदस्ती करत नाही. पण ती चालली नाही, तर चूक त्या घराची, आणि चालायचं घरच्या माणसाने."

मेधा मला म्हणाली, "आई, तू चाल."

"अय्यो, गळ्यात पालापाचोळा घालून? त्यांना विचार, माफी मागून पेढे वाटले तर चालेल का?"

"आई!"

"अगं, मी शाळेची मुख्याध्यापिका होते. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, आई?"

खरंच, तिथे मला ओळखणारं कोण होतं? पण मला धारवाडच्या सुभाष रोडवरचे झाडून सगळे दुकानदार दिसायला लागले. मामाच्या घरी परतल्यावर मी आत जाऊन खिडकीशी उभी राहिले. मामा लिनाने माझ्याकडे एकदा पाहिलं, दारावरची पाती काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि चालू लागली. नवऱ्याने लावलेली झाडं त्या पावलांबरोबर जात होती, हे तिला ठाऊक होतं. आणि मलाही.

पुढे ढोल वाजत होता. हसत कोणीच नव्हतं. ती जवळ आली की लोक माना खाली घालत होते. मेधा तिच्या मागून गेली, माझ्याकडे वळूनही न बघता.

मग मात्र माझ्याने उभं राहवेना. मी अनवाणी पळाले. चर्चपाशी गाठून मी मामाच्या गळ्यातली पाती ओढून घेतली, माझ्या गळ्यात घातली आणि पुढे झाले. आता पोरं खिदळायला लागली, बायका हसल्या, एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. धक्क्यावर दीर स्वतःच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चोर ही आहे. माझी वहिनी नाही." राजाने मान हलवली. दुपारी झाडाला नवी सासी बांधली. भांडण होतं तिथे परत आलं, आणि पुढे काही महिन्यांनी झाडं मामाकडेच राहिली असं मेधाने फोनवर कळवलं.

धारवाडला परतल्यावर ही हकिगत मी भिशीत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, उणकलच्या बहिणीकडे तर दोनदा सांगितली. "शाब्बास की गं अक्का, दुसऱ्या कोणाची छाती झाली नसती!" असं बायका म्हणायच्या आणि मी मान वेळावायची. माझ्या हकिगतीत राजाने शिक्षा सांगितली आणि मी लगेच उठून चालले. खिडकी त्यात कधी नव्हतीच.

बेटावरून निघायच्या दिवशी मामा लिना धक्क्यावर आली होती. तिने मला मिठी मारली, कापडात बांधलेलं जायफळ दिलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मेधा सांगायला तयार नव्हती. मी हट्टच धरला, तेव्हा तिने शब्दन् शब्द सांगितला:

"चर्चपासून पुढे तू चाललीस, ते सगळ्यांनी पाहिलं. घरापासून चर्चपर्यंत मी चालले, तेव्हा तू खिडकीत होतीस. तेही सगळ्यांनी पाहिलं."